न तापणारी पेटी

कुस्नानला कुणी विचारलं, की तुझा ॲम्प नीट चाललाय हे तू ओळखतोस कशावरून, तर तो कानाकडे बोट नेत नसे. उजवा तळवा पुढे करी. आवाज मोठा करणाऱ्या त्या पेटीच्या पाठीला ॲल्युमिनियमचे पंख असतात आणि आतले ट्रान्झिस्टर आपली उष्णता त्या पंखांतून बाहेर टाकतात. कुस्नान त्यांच्यावर हात ठेवायचा. कोमट लागलं, तर लग्नमांडवात गाणं चाललंय आणि पाहुणे अजून रस्साच ओरपताहेत. तापलेल्या कपाळासारखं लागलं, तर पोरं नाचायला उठली. आणि हात चटकन मागे आला, तर आता आवाज आवरायचा, नाहीतर पेटी आपली आपणच बंद पडणार.

मलंग शहराच्या दक्षिणेला उसाच्या शेतांमध्ये सुंबेरकोंबांग नावाचं गाव आहे. तिथे घराच्या पुढच्या खोलीत त्याचं दुकान होतं. ॲम्प बांधायचे, दुरुस्त करायचे, आणि मित्र सुगेंगच्या ट्रकवर चढवून लग्नांना, सुंतेच्या समारंभांना, रात्रभर चालणाऱ्या वायांगच्या बाहुल्यांच्या खेळांना न्यायचे. विद्या त्याला म्बाह तुकिराननी, म्हणजे तुकिरान आजोबांनी, दिली होती. म्हातारा आता हयात नव्हता. त्याने उभं आयुष्य वायांगच्या पडद्यामागे काढलं होतं आणि तो सगळं हमालांच्या भाषेत शिकवायचा.

"ए क्लासचा ॲम्प म्हणजे एकच हमाल," म्हातारा सांगायचा. "ओझं असो नसो, दिवसभर हात डोक्यावर उचलून उभा. कधी बसत नाही, म्हणून उठताना अडखळत नाही. आवाज मधासारखा. पण नुसतं उभं राहण्यातच त्याचं खाल्लेलं सगळं जिरतं, आणि भट्टीसारखा तापतो. बी क्लासमध्ये हमाल दोन. आवाजाची लाट वर गेली की एक उचलणार, खाली आली की दुसरा. खाणं कमी, काम जास्त. पण एकाने सोडलं आणि दुसऱ्याने अजून धरलं नाही, तिथे ठेच लागते. गाणारी बाई हळू आवाजात गायला लागली की ती ठेच ऐकू येते, घशात भाताचं शीत अडकल्यासारखी. म्हणून आपण बांधायचा एबी. दोघांनीही ओझ्याला हलकासा हात लावून ठेवायचा, सोडायचा नाही. थोडं तापेल. तापू दे. जो काम करतो तो तापणारच."

कुस्नानने पुढे शेकडो एबी बांधले. ट्रान्झिस्टरांमधून किती वीज नुसती वाहत ठेवायची, तो हलका हात किती हलका, हे तो आधी कानाने ठरवायचा. गेली काही वर्षं मात्र तो मीटर लावून आणि पंखांवर हात ठेवून ठरवत होता. कारण त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बायकोला ते ठाऊक होतं. विनार्सिहच्या प्रथम लक्षात आलं ते पावसाळ्यात. बेडूक ओरडत होते आणि हा म्हणाला, यंदा बेडूक कुठे गेले. मग फोन आला की "तूच घे, माझे हात भरलेत" म्हणायला लागला. गिऱ्हाईक आलं की ती कॉफी घेऊन यायची आणि तिथेच बसायची, आणि गिऱ्हाइकाचं बोलणं सहज म्हणून पुन्हा मोठ्याने बोलून दाखवायची. "म्हणजे तुम्हाला शुक्रवारी हवाय, दोन पेट्या, असंच ना?" कुस्नान मान हलवायचा. ती समोर नसली, तर एक सोपी सवय त्याने लावून घेतली होती. समोरच्याचे ओठ थांबले की म्हणायचं, "हो, हो." बहुतेक वेळा तेवढ्याने भागायचं. माणसं बहुतेक वेळा हो म्हणवून घ्यायलाच बोलत असतात.

एकदा ती गावातल्या आदराच्या हाकेने म्हणाली, "चाक, आपण मलंगला जाऊन कान दाखवून येऊ या का?"

"हो, हो," तो म्हणाला आणि सोल्डरची तार ओढत राहिला. ऐकू आलं नव्हतं की ऐकू आलं होतं, ते तिला कळलं नाही.

त्या वर्षी ऑगस्टच्या मिरवणुकीआधी पाक हर्तोनो दुकानात आला; वडीलधाऱ्या पुरुषाला तिकडे 'पाक' म्हणतात. तो वाडीचा बायान, म्हणजे सरकारी कारभारी, आणि मिरवणूक समितीचा प्रमुखही तोच. आधीच्या वर्षीची गोष्ट त्याच्या जिवाला लागलेली होती. प्रत्येक वाडी आपापला ट्रक सजवते, त्यावर घराएवढी स्पीकरांची भिंत उभी करते आणि ज्याच्या आवाजाने खिडक्या जास्त थरथरतात तो जिंकला असं समजतात. थरथरण्याला तिकडे 'होरेग' म्हणतात. गेल्या वर्षी पलीकडच्या वाडीच्या बरोब्बर चौकात कुस्नानचे एबी तापून एकामागून एक बंद पडले होते. पलीकडच्या बायकांनी सूप आणि विंझणे आणून पेट्यांना वारा घातला होता. पोरांनी ट्रकपुढे मयताची प्रार्थना म्हटली होती.

"कुस्नान," हर्तोनो म्हणाला, "यंदा मला दमणारा बैल नको. अजून बाजारात त्यांच्यातली एक बाई मला विचारते, पाक बायान, तुमच्या ट्रकला ताप आला होता, उतरला का?"

विनार्सिह हसली. हर्तोनो हसला नाही.

"डी क्लास घे," तो म्हणाला. "सगळे तेच घेताहेत. तू एकटाच म्हाताऱ्याची पोथी धरून बसलायस."

"एवढी गरज आहे का?" विनार्सिहने विचारलं.

"बू," तो तिला आदराने म्हणाला, "गरज कशाची असते? लोकांना थरथरायचंय."

कुस्नानने सुराबायाहून डी क्लासचे बोर्ड मागवले. ते आले तेव्हा सुगेंग तिथेच होता. त्याने खोकं एका हाताने उचललं आणि म्हणाला, "अरे, यात काही आहे का? की नुसता कागद पाठवलाय?" त्याचं बरोबर होतं. एबीच्या पेटीत लोखंडाचा ट्रान्सफॉर्मरच दोघांनी उचलावा असा. आणि ही सगळी पेटी एखाद्या केळीच्या फण्याएवढी.

"हा वाजतो कसा?" सुगेंगने विचारलं. सुगेंगशी कुस्नानला बोलणं सोपं जायचं. त्याचा आवाज भोंग्यासारखा होता आणि तो बोलताना तोंड मोठं उघडायचा.

"यात हमाल नाहीच," कुस्नान म्हणाला. "यात दिव्याचं बटण आहे. सेकंदाला लाखो वेळा चालू, बंद, चालू, बंद. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद, एवढ्यावरून आवाजाचा आकार होतो. शेवटी हे तांब्याचं वेटोळं आहे ना, ते सगळे तुकडे गुळगुळीत करून सोडतं. एबीमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा राहून काम करतो, म्हणून तापतो. हा एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण मिटलेला. मध्ये लोंबकळत नाही. त्यामुळे तापत नाही. तापत नाही म्हणून पंख नकोत, लोखंड नको, काही नको."

"आणि आवाज?"

"गाणाऱ्या बाईसाठी मी आपला एबीच लावीन. डीचा आवाज वरच्या सुरात मला कोरडा वाटतो. पण ढोलासाठी, खालच्या सुरासाठी, याच्यासारखा नाही. कितीही दे म्हण, देतो."

"दमत नाही?"

"नाही."

"म्हणजे आमच्या यात्मीसारखाच," सुगेंग म्हणाला. यात्मी त्याची बायको. "एकदा सुरू झाली की दमतच नाही."

दोघं हसले. पण बोर्ड पेट्यांत बसवून पहिल्यांदा चालू केले तेव्हा कुस्नानला हसू आलं नाही. त्याने सवयीने तळवा टेकवला. पेटी गार होती. त्याने आवाज वाढवला, दुकानाच्या काचेची बरणी फळीवर सरकायला लागली. पेटी गारच. रात्रीच्या फरशीसारखी, मेलेल्या माणसाच्या हातासारखी गार. तो बराच वेळ तसाच हात ठेवून उभा राहिला. इतकी वर्षं त्या तळव्याने त्याला सगळं सांगितलं होतं, आणि आता तो काहीच सांगत नव्हता. आतल्या खोलीतून विनार्सिह आली, तिने दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि ती काहीतरी बोलत होती. त्याने आवाज बंद केला.

"काय म्हणालीस?"

"पुरे म्हणाले," ती म्हणाली. "कितीदा म्हणाले."

बोर्डावर दोन राखणदार होते. एक आवाजाला ठरावीक उंचीच्या वर जाऊ देत नसे. दुसरा, माणसाच्या कानाला ऐकू येत नाहीत इतके खालचे सूर गाळून टाकत असे. ते ऐकू येत नसले तरी जमीन हलवतात. हर्तोनोच्या पुतण्याने कुठेतरी वाचलं होतं की पलीकडच्या वाडीने दोन्ही काढून टाकलेत. हर्तोनो येऊन म्हणाला, "तूही काढ."

"ते ठेवलेलं बरं असतं, पाक."

"कुणासाठी बरं? स्पीकर गेले तर समिती भरून देईल. तुला जमत नसेल तर तसं सांग."

याच एका वाक्यावर कुस्नानचं चित्त अडकलं. जमत नसेल तर. गावात लोक कुजबुजताहेत असं त्याला हल्ली सारखं वाटायचं; सगळ्यांचे ओठ हलताना दिसायचे आणि शब्द यायचे नाहीत. त्याने बोर्ड पुन्हा बाहेर काढले आणि दोन तारा एकमेकींना जोडून दोन्ही राखणदार गप्प केले. काम नखाएवढं होतं.

चाचणी मिरवणुकीच्या आदल्या रविवारी दुपारी ठेवली. गावाबाहेर व्हॉलीबॉलचं मैदान आहे, त्याच्या एका बाजूला बंद पडलेली भातगिरणी. विटांची उंच भिंत, वर पत्रा, आत वटवाघळं. सुगेंगने जनरेटरचा छोटा ट्रक त्या भिंतीच्या मागे सावलीत लावला, म्हणजे जनरेटर तापणार नाही आणि त्याची घरघर गाण्यात येणार नाही. केबल भिंतीला वळसा घालून मैदानात आणली आणि तो स्वतः जनरेटरपाशीच थांबला. दोघांच्या कमरेला एकेक वॉकीटॉकी. मैदानात वाडीतली पन्नास-साठ माणसं जमली होती, भाजलेली कणसं विकणारा आला होता, लाल-पांढऱ्या पताका वाऱ्यात फडफडत होत्या. ऑगस्टचा कोरडा, बोचरा वारा होता.

कुस्नानने ट्रकच्या मागे, पेट्यांच्या मांडणीपाशी जागा घेतली. तिथून त्याला माणसं दिसत होती, भिंत दिसत होती, भिंतीमागचं काही दिसत नव्हतं.

गाणं लागलं. आधी मधले सूर, मग ढोल. त्याने गार पेटीवर हात ठेवला. हर्तोनोने लांबून अंगठा वर केला. कुस्नानने वाढवलं. छातीत हादरे बसायला लागले, ते त्याला आवडायचे, हल्ली संगीत त्याला बहुतेक छातीतूनच कळायचं. पेटी गार. कणीसवाल्याने गाडी मागे ओढली. बायका पोरांना घेऊन मैदानाच्या कडेला गेल्या. त्याने आणखी वाढवलं. हर्तोनो तोंड उघडून हसत होता, की ओरडत होता. पेटी गार. एवढ्या आवाजाला एबी केव्हाच धगधगून बंद पडले असते, आणि सगळे हसले असते आणि घरी गेले असते.

कमरेचा वॉकीटॉकी थरथरला, त्याचा लाल दिवा लागला. त्याने तो कानाला लावला. कुणीतरी काहीतरी बोलत होतं. सुगेंगच असणार, विचारत असेल ठीक आहे का. बोलणं थांबलं तसा कुस्नान म्हणाला, "हो, हो."

मग त्याने ज्या चाकाने सगळ्यात खालचा सूर वाढतो ते चाक फिरवलं.

त्या सुराला आवाज नव्हता. निदान त्याला आला नाही. फक्त पायाखालची माती कणीसारखी नाचायला लागली. त्याने पाहिलं की गिरणीची भिंत मैदानाकडून आत, पलीकडे झुकतेय. धूळ आधी उडाली. मग भिंत मधून वाकली, घोंगडी वाकावी तशी, आणि पलीकडे गेली. गाणं एकदम थांबलं. जनरेटर तुटला होता.

सुगेंगला विटांखालून काढायला वाडीतली सगळी माणसं धावली. हर्तोनोही उघड्या हातांनी विटा उपसत होता, हे नंतर कुस्नानने सगळ्यांना सांगितलं. सुगेंग जिवंत होता. डावा पाय गुडघ्याखाली पाय म्हणावा असा राहिला नव्हता. उसाच्या ट्रॅक्टरवर गादी टाकून त्याला मुख्य रस्त्यापर्यंत नेला. कुस्नान त्याचं डोकं मांडीवर धरून बसला होता. सुगेंग सारखं काहीतरी म्हणत होता. आणि त्या एवढ्या माणसांत, त्या एवढ्या वेळात, पहिल्यांदा कुस्नान "हो, हो" म्हणाला नाही. तो नुसता त्याच्या ओठांकडे बघत राहिला.

पाय कापावा लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी भेटू दिलं. यात्मी बाहेर बाकावर बसली होती, ती उठली नाही. आत सुगेंग उशीला टेकून पपई खात होता. चेहरा पिवळा पडला होता, आवाज मात्र तोच होता.

"मला एक सांग," सुगेंग म्हणाला. "मी वॉकीटॉकीवर म्हणालो, भिंतीला भेग पडतेय, बंद कर, तू बंद करशील याची वाट बघतोय. जनरेटर मी मधेच बंद केला असता तर तुझे बोर्ड जळले असते, म्हणून केला नाही. तू म्हणालास हो, हो. म्हणून मी उभा राहिलो. म्हटलं, करतोय बंद. आणि मग तू वाढवलंस."

कुस्नान खाटेच्या कडेवर बसला.

"मी रोज पडल्या पडल्या तोच विचार करतो," सुगेंग म्हणाला. "माझ्यावर तुझा काही राग होता का?"

"मला ऐकू आलं नाही," कुस्नान म्हणाला.

"हो म्हणालास तू."

"मला ऐकू येत नाही, सुगेंग. म्हणून हो म्हणतो. सगळ्यांनाच म्हणतो."

सुगेंगने पपईची वाटी खाली ठेवली. मग त्याने एक गोष्ट केली, ती कुस्नानला फार दिवस छळत राहिली. त्याने तोंड फिरवून भिंतीकडे केलं आणि तसाच, पाठमोरा, काहीतरी बोलला. चार-पाच शब्द असतील. काय बोलला ते कुस्नानला कधीच कळलं नाही. त्याने विचारलं नाही, आणि सुगेंगने पुन्हा सांगितलं नाही.

गावाने कुणाला दोष दिला नाही. भिंत जुनी होती, असं ठरलं. सरपंचाच्या बैठकीत तेच लिहिलं गेलं, आणि खरंही होतं ते, भिंत जुनीच होती. मिरवणूक पुढे ढकलली नाही. उलट ट्रकवरचा स्पीकरांचा मनोरा आणखी रुंद केला, आणि तो ओढ्यावरच्या पुलावरून जाईना, तेव्हा वाडीतल्याच माणसांनी घण घेऊन पुलाचे दोन्ही कठडे फोडून काढले. दोन घरांच्या पडव्याही छाटल्या. ज्यांच्या छाटल्या ते स्वतः शिडी धरून उभे होते.

आणि कुणीतरी त्या रविवारी मोबाईलवर चित्रण केलेलं होतं. धूळ, वाकणारी भिंत, पताका. ते सगळीकडे पसरलं. आवाजाने भिंत पाडणारा ट्रक. त्यात सुगेंग दिसत नव्हता. आठवड्याभरात कुस्नानच्या दारात माणसं यायला लागली. ब्लितार शहराहून एकजण गाडी घेऊन आला, पाक गुनारी नावाचा, गळ्यात जाड साखळी, बोलायला अगदी लाघवी.

"चाक, मला तुमच्या हातचेच हवेत," तो म्हणाला. विनार्सिह शेजारी बसली होती, पण आज ती पुन्हा बोलून दाखवत नव्हती. कुस्नानने गुनारीला सांगितलं, जरा मोठ्याने बोला, मला ऐकू कमी येतं. हे वाक्य तो पहिल्यांदाच परक्या माणसापुढे बोलत होता.

गुनारी हसला. "तेच तर. म्हणूनच तुमचा ॲम्प असा होतो. चांगल्या कानाचा माणूस घाबरतो."

"मी आता डी क्लास बांधत नाही."

"मग काय बांधता?"

"मशिदीचे बांधतो. वायांगचे. जे तापतात ते."

"चाक, तुम्ही नाही बांधलात तर दुसरा बांधेल. त्या दोन तारा कुठे जोडायच्या ते आता सगळ्यांना ठाऊक आहे." त्याच्या बोलण्यात धमकी नव्हती. दुःख असल्यासारखं तो म्हणाला आणि कॉफी संपवून उठला.

तो खोटं बोलला नव्हता. हर्तोनोच्या पुतण्याने पेटी उघडून बोर्डाचे फोटो काढले होते, आणि पावसाळा संपेपर्यंत त्याच्या अंगणात पेट्यांची चळत उभी राहिली. सुगेंगला त्याने भागीदार करून घेतलं. कुस्नान एकदा समजवायला गेला. सुगेंग अंगणात खुर्चीवर बसला होता, कुबडी मांडीवर आडवी.

"मी काय करू मग?" सुगेंग म्हणाला. आता तो कुस्नानशी तोंड नीट समोर ठेवून, सावकाश बोलायचा, परक्याशी बोलावं तसं. "ट्रक चालवू? ऊस तोडू? हे लोक मला ट्रकवर बसवतात. माझ्याकडे बघायला गर्दी होते. ज्याच्यावर भिंत पडली तो हाच, म्हणतात. निदान काहीतरी म्हणतात."

कुस्नान परत आला. त्या महिन्यात विनार्सिह त्याला मलंगला घेऊन गेली. कान तपासणारी एक तरुण डॉक्टर होती. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि तो बराच वेळ शांततेत बसून राहिला, मध्ये कधी ऐकू आलं की बटण दाबत. बाहेर आल्यावर तिने कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. मग कानामागे बसणारं, भुईमुगाच्या शेंगेएवढं यंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं.

"सेल किती दिवस जातो?"

"आठवडाभर तरी."

"म्हणजे आत डी क्लास असणार."

"हो, हल्ली सगळ्यांत तोच असतो," ती म्हणाली. "नाहीतर एवढ्याशा सेलवर चाललं नसतं, आणि कानामागे चटका बसला असता."

परतीच्या वाटेवर यंत्र लावून तो बसमध्ये बसला. कापडाची सळसळ, नाण्यांची खणखण, पुढच्या बाईच्या नाकातला श्वास. सगळं कोरडं आणि टोकदार. विनार्सिह त्याच्याशी काहीतरी बोलली आणि त्याने तिच्याकडे न बघताच उत्तर दिलं. मग ती खिडकीबाहेर बघत राहिली आणि तिने डोळे पुसले.

पुन्हा ऑगस्ट आला. मिरवणुकीत यंदा आजूबाजूच्या गावांचेही ट्रक होते. दुपारी कुस्नान दुकान बंद करून स्वयंपाकघरात बसला. विनार्सिह तेंपे, आंबवलेल्या सोयाबीनची वडी, कापत होती. बाहेर अगदी शांत होतं, निदान त्याला तसं वाटत होतं, आणि वरून कसलातरी आवाज येत होता. टक. टक-टक. टक. कोरडा, बारीक, कुणी नखाने मडकं वाजवावं तसा. कधी एका कोपऱ्यात, कधी दुसऱ्या.

"उंदीर झालेत का माळ्यावर?"

विनार्सिहने सुरी थांबवली आणि वर पाहिलं. "नाही. कौलं आहेत."

"वारा नाही."

"ट्रक अजून साखर कारखान्यापाशी असतील. ते यायच्या आधी कौलं वाजतात."

तो ऐकत राहिला. आता आवाज सगळ्या छपरावर पसरला होता, लाकडी वाशांपर्यंत उतरला होता. पाण्याच्या रांजणावरचं झाकण अगदी हलकेच किणकिणलं.

"दर वर्षी होतं हे?"

"दर वर्षी," ती म्हणाली. "तुम्ही पुढच्या खोलीत पेट्या भरत असायचात."

तिने तेंपेवर ताट झाकलं, उठली, आणि फळीवरच्या काचेच्या बरण्या एकेक करून खाली चटईवर ठेवायला लागली, एकमेकींना लागणार नाहीत अशा, मधे फडक्याच्या घड्या घालून. हात सराईत होते. मग तिने भिंतीवरचा लग्नाचा फोटो उतरवला, घड्याळ उतरवलं. कुस्नान उठून तिला बरण्या देऊ लागला. शेवटची बरणी खाली ठेवताना ती त्याच्या हातातच थरथरत होती.

"शेजारच्या म्हाताऱ्या म्बाहला घेऊन येते," विनार्सिह म्हणाली. "तिच्या घराची मागची भिंत धड नाही."

ती मागच्या दाराने गेली. कुस्नान पुढच्या दारात येऊन उभा राहिला. कठडे नसलेल्या पुलापर्यंत रस्ता सरळ दिसत होता आणि रस्त्यावर अजून कुणीही नव्हतं.